सातबाराच्या दफ्तराची गति : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या अनुषंगानें

१. विषयप्रवेश

मुरबाडाकडून घाटमाथ्यावर चढणाऱ्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. ही नोंद दोन सहस्र वर्षें टिकली. परंतु तींतील एखादा आंकडा पाहावयाचा झाल्यास भिंतीच्या एका टोकापासून वाचीत जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. लेख टिकणें ही एक गोष्ट, आणि त्यांतील हवी ती ओळ हव्या त्या वेळीं हातीं येणें ही दुसरी. दफ्तर राखण्याच्या विद्येचा बराच मोठा भाग या दुसऱ्या गोष्टीपायीं निर्माण झाला आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही आजच्या काळच्या एका दफ्तराचा विचार योजिला आहे. ता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणें जिल्ह्यांत जे सात तालुके राहिले, त्यांपैकीं शहापूर व मुरबाड हे दोन डोंगराळ व शेतीप्रधान तालुके होत. तेथील जमिनींचे अधिकार-अभिलेख, राज्यांतील इतर तालुक्यांप्रमाणेंच, आतां कागदी बाडांऐवजीं संगणकावरील डेटाबेसांत नोंदले जातात. पाड्यावरून दोन वाहनें बदलून तालुक्यास आलेल्या शेतकऱ्यास सातबारा त्या दिवशीं मिळणें वा न मिळणें हें यंत्र किती त्वरेनें उत्तर देतें यावर अवलंबून असतें. ‘सर्व्हर डाउन आहे’ हें वाक्य खेड्यापाड्यांतहि रुळलें आहे, तें यामुळेंच.

चालू दफ्तराची गति कशी राखावी, हा विषय यंत्रज्ञांचा म्हणून संशोधकांनीं बाजूस सारावा असें आम्हांस वाटत नाहीं. दफ्तरांत कागद असून तो सांपडला नाहीं, तर अर्जदारापुरता तो नसल्यासारखाच होतो. रुमालांत कागद हरवल्याचें दुःख ज्यांनीं अनुभवलें आहे, त्या आमच्या वाचकवर्गास या विधानाचा अर्थ निराळा उलगडून सांगण्याची गरज नाहीं.

२. गांवनमुने आणि संबंधी कोष्टकें

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आणि अधिकार-अभिलेख ठेवण्यासंबंधींचे नियम १९७१ चे. त्यांस अनुसरून तलाठी जे गांवनमुने ठेवितो, त्यांपैकीं चार येथें प्रस्तुत आहेत. नमुना सात हा अधिकार-अभिलेख. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या सर्व जमिनींचें खातें. आणि नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. या चारहि नमुन्यांत एकमेकांकडे बोट दाखविणारे क्रमांक असतात. सातबारावरील खातें क्रमांक धरून आठ-अ कडे जातां येतें; सातबारावरील फेरफार क्रमांक धरून, नांव कोणत्या कारणानें लागलें वा कमी झालें, हें नमुना सहामध्यें पाहतां येतें.

इ. एफ. कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं, आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत असतां, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी व कोष्टकांचा परस्परसंबंध त्यांतील मूल्यांवरूनच जोडावा, असा सिद्धान्त मांडला. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच पायावर उभे आहेत. आमच्या तलाठ्यांनीं कॉडचा निबंध वाचलेला नव्हता; तथापि सर्व्हे नंबर, खातें क्रमांक व फेरफार क्रमांक या तीन दोऱ्यांनीं बांधलेलीं त्यांचीं दफ्तरें त्याच तत्त्वावर चालत होतीं. म्हणून संगणकावर हीं दफ्तरें चढवितांना मूळ कल्पना बदलावी लागली नाहीं. बदललें तें इतकेंच कीं, बोटानें दोरा धरून जाण्याचें काम आतां यंत्र करूं लागलें.

महाभूलेख या शासकीय स्थळावर सातबारा विभागवार पाहावयास मिळतो. शहापूर व मुरबाड कोंकण विभागांत येतात. २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराहि मिळूं लागला. डिजिटल स्वाक्षरीस वैधता देणारा माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० सालचा आहे. यापुढील विवेचनासाठीं आम्ही गांवनमुन्यांच्या धर्तीवर कोष्टकें कल्पिलीं असून त्यांतील आंकडे केवळ रीत ध्यानीं यावी म्हणून घेतले आहेत.

३. सूचीचें सामर्थ्य व तिची किंमत

समजा, एका कोष्टकांत एक कोटि ओळी आहेत. संगणक ओळी सुट्या वाचीत नाहीं, पानापानानें वाचतो. पोस्टग्रेस व एसक्यूएल सर्व्हर या दोन्ही प्रणालींत असें पान ८ किलोबाइटांचें असतें. एका पानांत शंभर ओळी मावल्या तर पानें एक लक्ष झालीं. सूची नसेल तर एका सर्व्हे नंबरासाठीं हीं लक्ष पानें उलटावीं लागतील. नाणेघाटाची भिंत टोकापासून वाचण्याचाच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणजे इंडेक्स, अर्थात् सूची. तिची आज सर्वत्र रूढ असलेली बी-ट्री नांवाची रचना बायर व मॅक्क्राइट या दोघांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केली. तींत एक मुख्य पान, त्याखालीं त्याचीं उपपानें व त्यांखालीं आणखी उपपानें अशी उतरंड असते. प्रत्येक पानांत तीनशें खुणा मावतात असें धरल्यास तीन पायऱ्यांत ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटि ७० लक्ष खुणा सामावतात. तीन पानें सूचीचीं व चौथें मूळ ओळीचें, एवढ्यांत काम भागतें. लक्ष पानांचें काम चार पानांवर येतें, हें सामर्थ्य यंत्राच्या वेगाचें नसून मांडणीचें आहे.

परंतु सूची ज्या क्रमानें लाविली असेल त्याच क्रमानें विचारलेल्या प्रश्नांस ती उपयोगी पडते. तालुका, गांव, सर्व्हे नंबर, हिस्सा अशा क्रमानें लाविलेली सूची ‘मुरबाड तालुक्यांतील अमुक गांवाचा अमुक सर्व्हे नंबर’ या प्रश्नास तत्काळ उत्तर देते. ‘अमुक माणसाच्या नांवें कोठें जमीन आहे’ या प्रश्नापुढें तिचा उपयोग नाहीं. पेशवे दफ्तरांतील प्रांतवार लाविलेल्या रुमालांत एखाद्या व्यक्तीचीं पत्रें हुडकावयाचीं झाल्यास हीच अडचण येते. तेथें दुसरी, व्यक्तिवार सूची असावी लागते.

सर्व्हे नंबर अक्षरांप्रमाणें नोंदला असेल तर आणखी एक घोटाळा होतो. अक्षरक्रमानें ‘१०’ हा ‘२’ च्या आधीं येतो, कारण यंत्र पहिलें चिन्ह पाहतें. ‘२ ते १० पर्यंतचे नंबर द्या’ असें विचारलें असतां उत्तर रिकामें येतें. यास्तव नंबराचा आंकडा एका रकान्यांत संख्या म्हणून, व हिस्स्याचें अक्षर निराळ्या रकान्यांत ठेवणें श्रेयस्कर.

मग प्रत्येक रकान्याची सूची कां करूं नये? कारण प्रत्येक सूची हें एक स्वतंत्र बाड आहे. नवी ओळ नोंदतांना पांच सूच्या असतील तर एका लिहिण्याच्या जागीं सहा लिहिणीं होतात. वाचणाऱ्याची सोय लिहिणाऱ्याच्या डोक्यावर बसते. म्हणून निरुपयोगी सूच्या काढून टाकणें हेंहि व्यवस्थापकाचें कर्तव्य आहे. मात्र तें करण्यापूर्वीं एक पूर्ण महसुली वर्ष, म्हणजे १ ऑगस्ट ते ३१ जुलै, तिचा वापर पाहावा. वर्षअखेरीच्या हिशेबासच लागणारी सूची दहा महिने आळशी दिसते, आणि ती काढल्याचा परिणाम नेमका गर्दीच्या दिवशीं उघडा पडतो.

४. नांवांचा शोध व पाठभेद

नांवावरून शोध घेणें हें या दफ्तरांतील सर्वांत अवघड काम असून, पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्या आमच्या वाचकांस तें विशेष रुचेल.

‘गोऱ्हे’ हें आडनांव घ्या. त्यांतील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्यें तीन प्रकारें लिहिला जाऊं शकतो : स्वतंत्र ‘ऱ’ या चिन्हानें, ‘र’ व त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीं, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीं. पडद्यावर व कागदावर तिन्ही सारखींच दिसतात. यंत्रास तीं तीन निराळीं नांवें वाटतात. पहिल्या दोहोंस एकरूप करण्याची प्रमाणित रीत युनिकोडनेंच घालून दिली आहे. तिसऱ्यासाठीं निराळा नियम करावा लागतो.

दुसरा पाठभेद लेखनपद्धतीचा. १९६२ च्या शुद्धलेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वींच्या फेरफारांत ते विपुल आढळतात. या लेखांत आम्ही ‘गांव’ लिहितों व नवे लोक ‘गाव’ लिहितात. वाचकास भेद वाटत नाहीं, परंतु यंत्र या दोन शब्दांची गांठ कधींच पडूं देत नाहीं. ‘शंकर’ व ‘शङ्कर’, नांवापुढें चुकून पडलेली रिकामी जागा, ‘राव’ लावणें वा न लावणें हे आणखी प्रकार आहेतच.

कांहीं ठिकाणीं असा उपाय योजतात कीं, प्रत्येक शोधाच्या वेळीं सर्व नांवें एकरूप करून मग तुलना करावयाची. उत्तर बरोबर येतें. पण सूची मूळ नांवांची असल्यामुळें ती निरुपयोगी होऊन पुन्हां सर्व कोष्टक वाचावें लागतें. योग्य रीत चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणाऱ्या संपादकाची आहे : मूळ पाठ एका रकान्यांत जसाच्या तसा ठेवावा, शोधासाठीं एकरूप केलेला पाठ दुसऱ्या रकान्यांत ठेवावा आणि सूची या दुसऱ्याची करावी. नांवाच्या मधलाच तुकडा ठाऊक असेल तर साधी सूची चालत नाहीं, कारण ती आरंभापासून लावलेली असते. तेथें नांवाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून त्या तुकड्यांची सूची करावी लागते. ही सूची मोठी होते, तरी नांवांपुरता तिचा खर्च सोसण्याजोगा आहे.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न निव्वळ विद्वत्तेचा नाहीं. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांच्या पुष्कळ नोंदींत व्यक्तीचें व पित्याचें नांव आणि आडनांवाच्या जागीं जातीचेंच नांव आढळतें. एकाच गांवांत तेंच नांव अनेकदां येतें, व लिहिणाऱ्यागणिक तें बदलतें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत. ज्या वारसाचें नांव शोधांत उमटलें नाहीं, त्याचा हक्क कायद्यांत शाबूत असूनहि व्यवहारांत दुर्बळ होतो. पडद्यावरचें ‘नोंद आढळली नाहीं’ हें उत्तर वाचणारा माणूस तें ‘नोंद नाहीं’ असेंच समजतो.

५. यंत्राचा अंदाज कोठें चुकतो

कॉडच्या सिद्धान्ताची एक खुबी अशी कीं, विचारणाऱ्यानें काय हवें तेवढें सांगावें. कोणत्या वाटेनें जाऊन आणावें हें यंत्रानें ठरवावें. ही वाट खर्चाच्या अंदाजावरून निवडण्याची पद्धति आयबीएममधील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं मांडली. यंत्र आपल्याजवळ प्रत्येक रकान्याची थोडकी आंकडेवारी ठेवतें आणि कोणत्या अटीनें किती ओळी उरतील याचा तर्क करतें. तर्क चुकला कीं वाटहि चुकते.

उदाहरण पाहूं. महाराष्ट्रांत ३५८ तालुके आहेत. एक कोटि ओळींचें कोष्टक ४०,००० गांवांचें आहे असें कल्पिलें तर एका गांवाच्या सरासरी २५० ओळी येतात. आतां कोणी ‘तालुका शहापूर व गांव अमुक’ असें विचारलें. गांव त्या तालुक्यांतीलच असल्यामुळें तालुक्याच्या अटीनें एकहि ओळ कमी होत नाहीं. परंतु दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असें यंत्र धरून चालतें, आणि २५० ला पुन्हां ३५८ नीं भागतें. उत्तर एकाहून कमी येतें. म्हणून एकच ओळ मिळेल असें समजून तें वाट आंखतें. त्या एका ओळीसाठीं दुसऱ्या बाडाकडे एकदां जाऊन यावें, असा त्याचा बेत असतो. प्रत्यक्षांत त्यास २५० खेपा पडतात. अशा दोन-तीन बाडांची गुंतागुंत झाली म्हणजे क्षणाच्या कामास मिनिटें लागतात. गांव व तालुका हे रकाने संलग्न आहेत, हें यंत्रास सांगण्याची सोय नव्या प्रणालींत असते. तिचा उपयोग करावा.

दुसरें कारण शिळ्या आंकडेवारीचें. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून शहापूर तालुक्यांतून जातो. त्याचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. अशा कामासाठीं जमिनी घेतल्या जातात तेव्हां ठराविक गांवांतच फेरफारांची रास पडते. दफ्तराची आंकडेवारी त्यापूर्वींची असेल तर यंत्र त्या गांवांस अजून लहानच समजतें. मोठ्या भरण्यानंतर आंकडेवारी ताजी करणें हें काम क्षुल्लक दिसतें. पण पुष्कळ वेळां तेवढ्यानेंच आजार जातो.

६. आधीं मोजणें, मग उपाय

दफ्तर मंदावलें कीं मोठें यंत्र आणावें, ही सूचना सर्वांत आधीं येते. आमचें म्हणणें असें कीं, मोजल्यावांचून उपाय करणें म्हणजे पोथी न उघडतां तिचा काळ ठरविणें होय.

प्रथम, कोणत्या प्रश्नास एकूण किती वेळ जातो याची यादी काढावी. एक अहवाल ३० सेकंद घेतो व दिवसांत दहा वेळां निघतो : एकूण ३०० सेकंद. दुसरा प्रश्न सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत सुटतो, पण दिवसांत लक्ष वेळां विचारला जातो : एकूण ४,००० सेकंद. तक्रार अहवालाची होते, भार दुसऱ्याचा असतो. त्याचा वेळ निम्मा केला तर सर्वांसच मोकळीक मिळते.

द्वितीय, सरासरीवर विसंबूं नये. शंभर अर्जदारांपैकीं ९५ जणांस एक सेकंद व ५ जणांस ६० सेकंद लागले तर सरासरी चार सेकंदांहून थोडी कमी येते, आणि अहवालांत सर्व क्षेम दिसतें. ते पांच जण कोण, त्यांचीं खातीं मोठीं आहेत कीं त्यांचें गांव मोठें आहे, हें शोधण्यांतच रोगाचें मूळ सांपडतें.

तृतीय, यंत्रानें आंखलेली वाट मागून घ्यावी. ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेनें ती मिळते, व ‘ॲनलाइझ’ हा शब्द जोडल्यास प्रत्यक्ष चालून किती ओळी मिळाल्या तेंहि कळतें. अंदाजाचा आंकडा व प्रत्यक्षाचा आंकडा शेजारीं ठेवून, प्रथम कोठें मोठी तफावत पडली तें पाहावें. मात्र हें जोडपद आज्ञा खरोखरच अमलांत आणतें. नोंद बदलणारी आज्ञा चालू दफ्तरांत अशी तपासूं नये.

चतुर्थ, दोष दफ्तराचाच आहे कीं वाटेचा, हें ठरवावें. एखादी कार्यप्रणालि दोनशें ओळींची यादी दाखवितांना प्रत्येक ओळीसाठीं निराळा प्रश्न पाठविते. घाटाखालच्या गांवांत जाण्यायेण्यास सेकंदाचा सातवा भाग लागला, तर दोनशें खेपांत अर्धा मिनिट गेला. दफ्तरदार मात्र बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. येथें सूची वाढवून कांहीं होत नाहीं; दोनशें प्रश्नांचा एक प्रश्न करणें हाच उपाय.

७. एका बाडावर अनेक हात

कागदी बाड एका वेळीं एकाच्या हातीं असे. डेटाबेसावर शेंकडों हात एकदम पडतात. खरीप पीककर्जाच्या दिवसांत सातबाराची मागणी वाढते. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणी नोंदूं लागले, आणि शेवटची तारीख जवळ आली कीं भातशेतीच्या गांवांतून नोंदींचा लोंढा येतो. अशा वेळीं येईल त्यास आंत घेणें ही उदारता घातक ठरते. एकाच कपाटाभोंवतीं शंभर कारकून उभे केले तर कोणाचाच हात कपाटाला पोंचत नाहीं. थोड्या जोडण्या ठेवून बाकीच्यांस क्रमानें रांगेंत उभें करणारी व्यवस्था वरकरणीं कंजूष, परंतु एकंदरींत त्वरित असते.

एकाच ओळीस दोघे हात घालतील तर दुसऱ्यास थांबावें लागतें. पहिल्यानें व्यवहार अर्धवट ठेवून तो तसाच उघडा राहिला तर मागील रांग वाढत जाते. एकानें आधीं सात व मग आठ-अ धरला, दुसऱ्यानें आधीं आठ-अ व मग सात धरला, तर दोघेहि एकमेकांची वाट पाहत बसतात व यंत्रास एकाचें काम रद्द करावें लागतें. सर्वांनीं नमुने एकाच क्रमानें धरावे व व्यवहार आटोपशीर ठेवावे, हे दोन नियम पाळले तरी बरेंच साधतें.

तलाठ्यांच्या बोलींत ‘कंस करणें’ हा एक प्रयोग आहे. हक्क संपलेलें नांव खोडून न टाकतां कंसांत घालीत. कंस वाढले कीं पान वाचणें कठीण होई व पुनर्लेखन करावें लागे. पोस्टग्रेसची रीत अशीच आहे : बदललेल्या ओळीची जुनी प्रत लगेच नष्ट होत नाहीं, ती निर्जीव होऊन पानांत पडून राहते, व व्हॅक्यूम नांवाची झाडलोट ती जागा मोकळी करते. मूळ ठेवणीप्रमाणें ही झाडलोट साधारण पांचवा हिस्सा ओळी निर्जीव झाल्यावर आपोआप सुरू होते. एक कोटि ओळींच्या कोष्टकांत याचा अर्थ वीस लक्ष निर्जीव ओळी साठेपर्यंत कोणी केरसुणी हातीं घेत नाहीं. मोठ्या कोष्टकास शंभरावा हिस्सा ठरवून दिला तर लक्ष ओळींवरच काम सुरू होतें, आणि प्रत्येक खेपेस तें थोडकें असतें. मात्र साम्य येथेंच संपतें. कंसांतील नांव वाचतां येतें. झाडून गेलेली ओळ परत येत नाहीं. म्हणून इतिहास हवा असेल तर तो फेरफार नोंदवहीप्रमाणें स्वतंत्र ओळ म्हणून लिहिलेला असला पाहिजे.

८. गतीसाठीं काय देऊं नये

पेशवाईच्या हिशेबांत घडलेली बाब आधीं रोजकीर्दींत चढे, व तीवरून पुढें घडणी व खतावणी होई. खतावणी बिघडली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हां उभी करतां येई. डेटाबेसहि प्रत्येक बदल आधीं अशाच एका दैनिक बाडांत लिहून तें तबकडीवर पक्कें झाल्यावर ‘नोंद झाली’ असें कळवितो, व मूळ पानें सावकाश सुधारतो. तबकडीवर पक्कें होण्याची वाट न पाहण्याची मुभा कांहीं प्रणालींत आहे. तिनें लिहिणें पुष्कळ जलद होतें. वीज गेली कीं या जलदपणाची किंमत कळते. अधिकार-अभिलेखांत ही मुभा कोणीं केव्हांहि घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरा मोह प्रतींचा. वाचणाऱ्यांसाठीं निराळी प्रत ठेवली कीं मूळ दफ्तराचा भार हलका होतो, व तें योग्यच आहे. परंतु प्रत मूळापेक्षां कांहीं क्षण मागें असूं शकते. गांवाची शेतसारा-सूची प्रतीवरून दिली तर बाध नाहीं. फेरफारास पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर मंडळ अधिकाऱ्यानें मंजुरी दिली, आणि त्याच क्षणीं निघालेला स्वाक्षरीचा सातबारा जुन्या प्रतीवरून निघाला, तर तो लेख सहीशिक्क्यानिशीं खोटा ठरतो. जेथें लेख प्रमाण म्हणून बाहेर जातो, तेथें वाचन मूळावरूनच झालें पाहिजे.

तिसरा मोह बंधनें सैल करण्याचा. खातें क्रमांक आठ-अ मध्यें खरोखर आहे काय, हें प्रत्येक नोंदीच्या वेळीं तपासण्यास थोडा वेळ जातो. हें तपासणें बंद केल्यास नोंदी भराभर होतात, व कांहीं वर्षांनीं कोणत्याहि खात्यास न लागणाऱ्या जमिनी कोष्टकांत तरंगूं लागतात.

सुधारणा करतांनाहि शिस्त हवी. एका वेळीं एकच बदल. तोहि आधीं दफ्तराच्या प्रतीवर करून पाहावा. बदलाचा दिवस, कारण व आधींचें-नंतरचें मोजमाप वहींत लिहावें. नवी सूची साध्या रीतीनें बांधली तर ती पुरी होईपर्यंत कोष्टकांत नवी नोंद होत नाहीं. पोस्टग्रेसमध्यें लिहिणाऱ्यांस न अडवितां ती बांधण्याची सोय आहे, तिला वेळ अधिक लागतो, पण तालुक्याचें काम थांबत नाहीं. आणि राखीव प्रतीवरून दफ्तर खरोखर उभें राहतें कीं नाहीं, हें अधूनमधून उभें करूनच पाहावें. न उघडलेल्या पेटींत पोथी आहे, असें कोणी म्हणूं नये.

९. उपसंहार

नाना फडणविसांच्या काळीं व्यवस्थित राखलेलें पेशवे दफ्तर दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत विस्कळित झालें. पुढें गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते कागद निवडून लावण्याच्या प्रचंड श्रमांमुळें. तें दफ्तर चालू असतां ज्यांनीं क्रम राखला, त्यांच्या वाट्याचें काम पुढील पिढीस करावें लागलें नाहीं. ज्यांनीं राखला नाहीं, त्यांचें करावें लागलें.

आजचा सातबाराचा डेटाबेस हा उद्यांच्या संशोधकाचा रुमाल आहे. माहुलीच्या पायथ्याचें गांव शंभर वर्षांपूर्वीं कोणाचें होतें, हें पाहूं इच्छिणाऱ्या भावी अभ्यासकास तोच धुंडाळावा लागेल. जुन्या ओळी जड होतात म्हणून त्या काढून टाकण्याचे निर्णय गतीच्या नांवाखालीं घेतले जातात. ते घेतांना ओळी वेगळ्या बाडांत हलवाव्या, नष्ट करूं नयेत, एवढा आग्रह इतिहासज्ञांनीं धरणें अगत्याचें आहे.

ज्यांच्या संग्रहीं पोथ्या व कागदपत्रें आहेत आणि जे त्यांच्या याद्या संगणकावर करीत आहेत, त्यांस यांतील तीन गोष्टी आजच उपयोगीं पडतील. मूळ पाठ व शोधपाठ हे दोन रकाने वेगळे ठेवावे. शक व संवत् यांचे आंकडे संख्या म्हणून नोंदावे. आणि संग्रहास लोक कोणते प्रश्न विचारतात याची महिनाभर टिपणी करून मगच सूची कोणत्या क्रमानें लावावयाची तें ठरवावें. महिनाभराच्या या टिपणीस एक साधी वही पुरते.